दोघांना दिलेलं काम

वैजयंती निकमनं गोटीरामला काम दिलं ते मागच्या दारात, हाताला बोंबलांचा वास असताना. बयाबाई मासळीची टोपली उतरवून तिच्यासमोर उकिडवी बसली होती आणि बयाबाईचा हा मुलगा परड्यात काठी टाकत मापं घेत फिरत होता.

वाशीत ओळीनं बांधलेल्या बैठ्या घरांपैकी एक घर निकमांना मिळालं होतं. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागं थोडी मोकळी जागा. वैजयंतीच्या नवऱ्याची, अरविंदची आई, बायजाबाई, तिकडे कोरेगावला अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळली होती. थोरल्या भावानं निरोप धाडला होता, की आम्ही वर्षभर केलं, आता मुंबईकरांनी बघावं. म्हणून परड्यात एक खोली काढायची आणि तिच्या अंगानं भिंत घालायची असं ठरलं. हे त्र्याऐंशी सालातलं. तेव्हा वाशीत ज्याच्या त्याच्या मागच्या अंगणात रेतीचा ढीग आणि विटांची थप्पी दिसायचीच. लोक राहायला आले, की पहिल्या वर्षी पडदे लावत आणि दुसऱ्या वर्षी खोली वाढवत.

बयाबाई सानपाडा गावची. तिची शेतं नव्या शहरात गेली, नवरा मिठागरावर राबायचा तोही पुढं वारला. गोटीराम मुंबईच्या गवंड्यांच्या हाताखाली शिकला आणि अलीकडे स्वतःच मुकादम होऊन कामं घेऊ लागला होता.

"बाय, दुसऱ्या कोनाला देव नको," बयाबाई म्हणाली. "आमचीच शेतं होती ही. आता आमीच तुमची घरं बांदतांव. येवडं तरी आमच्या हाताला ऱ्हाऊ दे."

वैजयंती हसली. अरविंदनंच आठ दिवसांपूर्वी म्हटलं होतं, की कोणीतरी बघून ठेव, सोमवारी मी रजा टाकतो, त्या दिवशी सुरू करू. गोटीरामनं बाजूच्या लायनीत बांधलेली भिंत तिनं पाहिली होती. सरळ, नेटकी भिंत होती.

"दिलं काम," ती म्हणाली. "सोमवारी या."

गोटीरामनं पिशवीतून नारळ काढला आणि परड्याच्या कोपऱ्यातल्या दगडावर फोडला. अर्धी कवड तिच्या हातात दिली. "वैनी, बेलापूरचं एक काम चालून आलंय. त्यांना आता नाय म्हनून सांगतंय. तुमचा सब्द पक्का ना?"

"पक्का," वैजयंती म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी, फोर्टातल्या विमा कचेरीत, अरविंदनं ते काम दत्तूला देऊन टाकलं होतं.

दत्तू हा हेडक्लार्कचा माणूस. हेडक्लार्कच्या चेंबूरच्या घराला त्यानं वरचा मजला चढवला होता. मूळचा बीडकडचा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडत फोडत मुंबईला आला आणि तुर्भ्याच्या खाणीजवळच्या झोपड्यांत राहिला. त्याचा धाकटा भाऊ सदू आणि बायको मुक्ताबाई, दोघंही त्याच्याच कामावर असत. हेडक्लार्कनं त्याला कचेरीत बोलावून घेतलं, अरविंदसमोर उभं केलं आणि म्हणाला, "निकम, ह्याला घ्या. सोमवारी येईल." हेडक्लार्कला नाही म्हणायची अरविंदची प्राज्ञा नव्हती. म्हणायचं कारणही नव्हतं.

संध्याकाळी जेवताना त्यानं हे सांगितलं, तेव्हा वैजयंतीच्या हातातला डाव तसाच राहिला.

"पण मी काम दिलंय," ती म्हणाली. "बयाबाईच्या मुलाला. नारळसुद्धा फोडला त्यानं."

"कुणाला विचारून?"

"तुम्हीच म्हणालात, बघून ठेव."

"बघ म्हणालो. दे म्हणालो नाही."

अरविंद दारू पीत नसे. सोसायटीच्या सत्यनारायणाला तो पुढं असे, शेजाऱ्यांचे विम्याचे कागद फुकट भरून देई. सगळे त्याला सज्जन म्हणत. पण घरात कुणी त्याच्या आधी काही ठरवलं, की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत. त्या लाल झाल्या, की काय होणार हे वैजयंतीला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. त्यानं आमटीची वाटी उचलून भिंतीवर मारली. मग उठून तिला मारलं. हातात घड्याळ होतं. त्याच्या पट्ट्याचं टोक तिच्या गालात रुतलं आणि कातडं फाटलं. ती ओट्याला धरून उभी राहिली. त्यानं आणखी एक मारली, आणि मग हात धुवून पुन्हा जेवायला बसला.

"उद्या जाऊन त्या कोळणीला सांग," तो म्हणाला. "काम नाही म्हणावं."

सकाळी आरशात पाहिलं तेव्हा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता. सानपाडा काही लांब नव्हतं. बांधावरून चालत गेलं तर भात शिजेपर्यंत जाऊन येता आलं असतं. वैजयंतीनं चपला घातल्या, दार उघडलं. समोरच्या बायका नळावर उभ्या होत्या. तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. बयाबाई येईल, तिला दारातच सांगू, असं तिनं मनाशी धरलं, पण बयाबाई भाचीच्या लग्नाला उरणकडे गेली होती. ती त्या आठवड्यात फिरकलीच नाही.

"सांगितलंस?" शनिवारी अरविंदनं विचारलं.

"हो," वैजयंती म्हणाली. गालाची सूज नुकती कुठं उतरू लागली होती. सोमवारी गोटीराम मागच्या दारानं आला, की आपण पुढं होऊन हळूच त्याला समजावू, असं तिनं ठरवून टाकलं.

सोमवारी दत्तूची माणसं आधी आली. उन्हं नुकती छपरांवर चढत होती. दत्तूनं दोऱ्या ताणल्या, खुंट्या ठोकल्या, मुक्ताबाईनं घमेल्यातली चुन्याची पांढरी फक्की मुठीमुठीनं सोडत पायाची रेघ आखली. सदूनं टिकाव घातला. अरविंद बनियनवर, चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभा राहून बघत होता. पाया गुडघाभर खोल गेला असेल नसेल, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी विटांनी भरलेली बैलगाडी येऊन थांबली. गोटीराम गाडीच्या पुढं चालत होता.

वैजयंती स्वयंपाकघरातून पुढं धावली, पण अरविंद दारातच होता.

गोटीरामनं खणलेला पाया पाहिला, आखलेली रेघ पाहिली. "हे काय साहेब?"

"काय म्हणजे? काम चाललंय."

"काम माजं हाय. वैनींनी दिलंय. मी विटा घेऊन आयलो."

अरविंदनं मागं वळून बायकोकडे पाहिलं. एकदाच. मग तो पुढं वळला आणि म्हणाला, "मी तुला ओळखत नाही. काम मी ह्याला दिलंय."

"वैनी, तुमी सांगा." गोटीराम त्याच्या खांद्यावरून आत बघत होता.

"तिला काय विचारतोस? घर माझं आहे."

वैजयंतीनं नुसती मान खाली घातली. गोटीरामला तिच्या गालावरचा पिवळा पडत चाललेला डाग दिसला असावा, कारण त्याचा आवाज जरा खाली आला. "बरं, साहेब. चूक झाली आसंल कोनाची. भिंत तरी मना द्या. मी दुसरं काम सोडून आयलोय."

पायाच्या खड्ड्यात उभा असलेला दत्तू टिकाव ठेवून वर आला. धिप्पाड माणूस, पण बोलायला मऊ. "साहेब, तुमचं ह्यांचं आधी ठरवा. म्या थांबतो. भिंत ह्यांनी घेतली तर आमचं काय बी म्हननं नाही."

त्या क्षणी ते मिटलं असतं. दोन्ही मुकादम एकमेकांकडे बघत होते, दोघांनाही ते पटलेलं होतं. पण गल्लीतली चार माणसं दारात येऊन उभी राहिली होती, आणि त्यांच्यादेखत आपल्या घरचं काम दोन मजूर आपसात वाटून घेतायत हे अरविंदला खपेना.

"तू थांबू नकोस, खण," तो दत्तूला म्हणाला. आणि गोटीरामला म्हणाला, "तुम्हा गाववाल्यांना फुकटचं खायची सवय लागलीय. जमिनीचे पैसे खाऊन झाले, आता आमच्या दारात हप्ते मागता. चल, चालता हो. नाहीतर पोलिसांना बोलावतो."

गोटीराम मागं वळला. त्यानं बैलगाडीवाल्याला हात केला, गाडी वळवली आणि निघून गेला. त्याच्या मानेची शीर उडताना वैजयंतीला मागून दिसत होती.

"बघितलंस?" अरविंद आत येऊन हलक्या आवाजात म्हणाला. "सांगितलं होतंस ना तू?" आणि तिच्या दंडाला धरून त्यानं तिला स्वयंपाकघरात ढकललं. "ते लोक गेल्यावर बघतो तुझ्याकडे."

गोटीराम परत आला तो दुपारच्या आधीच, आणि एकटा आला नाही. त्याच्याबरोबर गावातले पाचसहा जण होते. दोघांच्या हातात काठ्या होत्या, एकाच्या हातात फावड्याचा नुसता दांडा. ते मागच्या बाजूनं, नाल्याच्या अंगानं सरळ परड्यात शिरले. बोलाचाली फार झालीच नाही. एकानं दोऱ्या तोडल्या, खुंट्या उपटून फेकल्या. सदू तरणा होता, तापट होता. त्यानं त्या माणसाच्या छातीवर हात देऊन त्याला मागं लोटलं. तो फावड्याचा दांडा सदूच्या नडगीवर बसला. लाकूड हाडावर बसल्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला. सदू खाली पडला आणि पडल्यावरही दांडा त्याच्या खांद्यावर येतच राहिला, एकदा, दोनदा, त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडेपर्यंत.

"मारू नगा," दत्तू ओरडत पुढं आला. त्याच्या हातात पहार होती. दगड उचकटायला घेतलेली, ती ठेवायचं त्याला भान राहिलं नव्हतं. गोटीरामला मात्र फक्त पहार दिसली. त्यानं दोन्ही हातांनी ती धरली. दोघं जण पहार धरून पायाच्या काठावर झटू लागले, एकमेकांच्या तोंडावर तोंड, जोखडातल्या बैलांसारखे. बाकीच्यांची गुद्दागुद्दी चाललीच होती. दत्तूच्या एका बिगाऱ्यानं वीट फेकली, ती गावातल्या एकाच्या कपाळावर फुटली आणि त्याच्या डोळ्यांवरून रक्ताचा पडदा उतरला. कुणी कुणाचा कान धरला होता, कुणी कुणाच्या पोटात गुडघा घालत होता.

अरविंदनं मागचं दार आतून लावून कडी घातली होती. वैजयंती खिडकीच्या गजांना धरून उभी होती. "मी सांगते त्यांना," ती म्हणाली. "मी काम दिलं होतं म्हणून सांगते. सोडा मला." तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात अरविंदनं मागून तिच्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हातानं तिची वेणी धरून तिचं डोकं मागं ओढलं. "गप," तो तिच्या कानात म्हणाला. "आपलं नाव त्यात घालू नकोस."

बाहेर गोटीरामनं हिसका देऊन पहार काढून घेतली. त्यानं ती उगारली नव्हती. वैजयंतीनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि पुढं कधीच ती त्यावरून ढळली नाही. त्यानं पहार छातीशी धरली आणि दोन पावलं मागं सरकला. पण मुक्ताबाईला वाटलं, आता हा मारणार. तिच्या पायाशी फक्कीचं घमेलं होतं. तिनं दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि हातभर अंतरावरून त्याच्या तोंडावर मारली.

गोटीरामच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही. तो जागच्या जागी गरकन फिरला. डोळे मिटलेले, चेहरा पिठासारखा पांढरा, आणि हातातली पहार त्यानं सोडली नाही. आंधळ्यासारखी चारी बाजूंनी फिरवली, कुणी जवळ येऊ नये म्हणून. दत्तू बायकोला मागं ओढायला वाकला होता. पहारेचं टोक त्याच्या कानामागं लागलं.

दत्तू पायाच्या खड्ड्यात बसला. दमलेला माणूस बसतो तसा, हात गुडघ्यांवर ठेवून. मग त्याचं डोकं पुढं कललं आणि कानातून रक्ताची धार लागली.

सगळे थांबले. काठ्या टाकून गावातली माणसं नाल्याकडे पळाली. वैजयंतीनं अरविंदच्या नडगीवर टाच मारली, त्याचा हात सुटला, तिनं कडी काढली आणि पिण्याच्या पाण्याची कळशी उचलून बाहेर धावली. आधी दत्तूकडे गेली, पण मुक्ताबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि कुणाला हात लावू देत नव्हती. गोटीराम गुडघ्यांवर बसून डोळे चोळत होता.

"पाणी घालू नका, चुना पेटेल," शेजारचा कुणी गच्चीवरून ओरडला.

वैजयंतीनं ऐकलं नाही. तिनं त्याचे हात बाजूला केले, पापण्या बोटांनी फाकवल्या आणि पाणी ओतत राहिली. कळशी संपली तेव्हा पिंप लोटत आणलं. गोटीराम हुंदके देत म्हणत होता, "वैनी, मना दिसत नाय. कोनाला लागला? वैनी, कोनाला लागला ते सांगा." ती पाणी ओतत राहिली.

दत्तू दवाखान्याच्या वाटेवर, टेम्पोतच गेला.

पोलीस आले, पंचनामा झाला. अरविंदनं इस्त्रीचा शर्ट घालून जबाब दिला, की गावातला हा गुंड हप्ता मागायला आला, नाही म्हटल्यावर माणसं घेऊन आला आणि माझ्या मुकादमाला त्यानं ठार मारलं. फौजदारानं वैजयंतीकडे पाहिलं. "ती घाबरलीय," अरविंद म्हणाला, "आत होती, तिनं काही पाहिलं नाही." फौजदारानं मान डोलावली. पंचनाम्यात तिचं नाव आलं नाही.

त्या दिवशी अरविंदनं तिला मारलं नाही. तो एकदम प्रेमानं वागू लागला. चहा करून देई. वैजयंतीला त्याचा हात लागला की अंगावर काटा येई.

तेराव्यानंतर मुक्ताबाई आपली हत्यारं न्यायला आली. पोलिसांनी पहार नेली होती. फावडी, टिकाव, घमेली तशीच परड्यात पडली होती. तिनं एकेक उचलून पोत्यात भरलं. मग पोतं बांधता बांधता, वर न बघता, विचारलं, "बाई, त्या मानसाला खरंच काम दिलं व्हतं का?"

"हो."

"कुनी?"

"मी."

मुक्ताबाई उभी राहिली. "मंग तवाच का न्हाई बोलल्या? दारात व्हत्या तुमी. म्या बघितलं तुमाला."

वैजयंतीनं गालाकडे हात नेला, पण आता तिथं काहीच नव्हतं. मुक्ताबाई पोतं डोक्यावर घेऊन निघून गेली.

बयाबाई आली ती टोपली न घेता. उंबऱ्याबाहेर, उन्हात बसली. गोटीराम ठाण्याला पोलीस पहाऱ्यात दवाखान्यात होता. उजवा डोळा वाचला होता, डावा दुधासारखा झाला होता. वकील म्हणत होता, की तो खंडणीसाठी गेला असं ठरलं तर खुनाचा गुन्हा लागेल, जन्म तुरुंगात जाईल. कामासाठी गेला असं ठरलं तर काही आशा आहे.

"तू सब्द दिलता, बाय," बयाबाई म्हणाली. "मी समोर होतंय. तू येऊन तेवडंच सांग. दुसरा काय बोलू नको."

"येईन," वैजयंती म्हणाली.

समन्स आलं तेव्हा घरात जे व्हायचं ते झालं. दिवेलागणीला अरविंद कमरेचा पट्टा हाताला गुंडाळून तिच्यासमोर उभा राहिला. साक्ष दिलीस तर मी खोटा जबाब दिला असं होईल, नोकरी जाईल, असं तो म्हणत होता. अगदी शांतपणे, एकेक शब्द सुटा करून. पट्टा तिच्या पाठीवर पडला, मग खांद्यावर. तिसऱ्यांदा हात खाली आला तेव्हा वैजयंतीनं तो दोन्ही हातांनी पकडला आणि अंगठ्याखालच्या मांसात दात रोवले. तो ओरडला. त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या डोक्यावर, मानेवर, कानावर ठोसे मारले. ती सोडीना. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडीना. दात हाडाला लागले तेव्हा तो गुडघ्यांवर आला आणि रडायला लागला, आणि मगच तिनं तोंड उघडलं. मोरीत जाऊन तिनं चूळ भरली. कचेरीत त्यानं कुत्रं चावल्याचं सांगितलं.

ठाण्याच्या कोर्टात गोटीरामच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही आरोपीला काम दिलं होतं?"

"दिलं होतं. माझ्यासमोर त्यानं नारळ फोडला."

"मग पतीनं दुसऱ्याला दिल्यावर तुम्ही त्याला कळवलं का नाही?"

वैजयंतीनं अरविंदकडे पाहिलं. तो मागच्या बाकावर, हाताला पट्टी बांधून बसला होता. "ह्यांनी मला मारलं होतं," ती म्हणाली. "तोंड सुजलं होतं. लोकांत जायची लाज वाटली. आणि त्याला सांगून आले असं मी ह्यांना खोटंच सांगितलं."

कोर्टात कुजबूज झाली. बयाबाईनं पदर तोंडाला लावला. मग सरकारी वकील उठला. त्यानं विचारलं, माणसं घेऊन कोण आलं. गोटीराम, ती म्हणाली. पहार कुणी हिसकावून घेतली. गोटीरामनं. डोळ्यांत चुना जायच्या आधी की नंतर. आधी.

बयाबाईची मान वर झाली.

"आणि चुना कुणी टाकला?"

मुक्ताबाईनं पोलिसांना सांगितलं होतं, की झटापटीत घमेलं उडालं. ती समोरच बसली होती, सदूशेजारी. सदूचा खांदा वाकडाच जुळला होता. वैजयंतीला तिच्याकडे बघवेना.

"मुक्ताबाईनं. दोन्ही हातांनी. तिला वाटलं, तो मारणार. तो मारणार नव्हता. डोळ्यांत गेल्यावर त्यानं पहार फिरवली, आणि ती दत्तूला लागली."

कोर्टाच्या पायऱ्यांवर मुक्ताबाईनं तिला गाठलं. मागून अंबाडा धरला आणि खाली ओढलं. वैजयंतीचं कपाळ पायरीच्या कडेवर आपटलं. मुक्ताबाई तिच्या छातीवर बसली आणि घमेली उचलून घट्टे पडलेल्या हातांनी तिच्या तोंडावर मारू लागली. "म्या मारलं व्हय त्याला? म्या मारलं?" वैजयंतीनं हात वर केले नाहीत, कारण केले असते तरी उपयोग नव्हता, त्या हातांना तिच्यापेक्षा फार जोर होता. गर्दी जमली. अरविंद दोन पायऱ्या वर थांबला आणि तिथंच राहिला.

बयाबाई खालून वर आली. तीही चिडलेली होती. आपल्या मुलानं पहार हिसकावली हे या बाईनं सांगायचं काही कारण नव्हतं. तिनं वैजयंतीच्या अंगावर पाय उचललाही. मग कुणास ठाऊक काय झालं, तिनं वाकून मुक्ताबाईला कमरेला धरलं आणि उचलून बाजूला काढलं. मुक्ताबाई उलटली, तिनं बयाबाईच्या दंडाला ओरबाडलं, लुगडं फाडलं. दोघी म्हाताऱ्या नव्हत्या, दोघी दणकट होत्या. चार पायऱ्या गडगडत खाली गेल्या आणि तिथं एकमेकींना धरूनच पडून राहिल्या. मुक्ताबाई आता मारत नव्हती. "माजंच हात व्हते," ती बयाबाईच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणत होती. "माजंच हात व्हते की." शिपायानं त्यांना सोडवलं.

वैजयंती उठून बसली. भुवईवरून रक्त गळत होतं.

"चल घरी," अरविंद वरून म्हणाला.

"तुम्ही जा. मी टाके घालून येते."

"कुठं जाणार तू? दवाखाना माहीत आहे का?"

बयाबाई फाटलं लुगडं खोचत उभी होती. दोन महिने ती रोज त्या सरकारी दवाखान्यात मुलाच्या कॉटशेजारी बसली होती. तिनं वैजयंतीकडे पाहिलं नाही, नुसती चालू लागली. वैजयंती पदर कपाळाला दाबून तिच्या मागं गेली. दवाखान्याच्या दारात बयाबाईनं बोटानं डावीकडची खोली दाखवली आणि आल्या पावली परत फिरली.

कोर्टानं खून मानला नाही, मनुष्यवध मानला. गोटीरामला सात वर्षांची शिक्षा झाली. बयाबाई पुन्हा त्या गल्लीत मासळी घेऊन आली नाही. मुक्ताबाई आणि सदू नेरूळकडच्या कामांवर गेली असं कुणीतरी सांगितलं. अरविंदवर खोट्या जबाबाचा खटला झाला नाही, पण कचेरीत त्याच्याशी कुणी बोलेना, तेव्हा त्यानं कोल्हापूरला बदली मागून घेतली. वैजयंती त्याच्याबरोबर गेली नाही. सोसायटीच्या बालवाडीत तिला काम मिळालं होतं, आणि तोवर कोरेगावहून सासू, बायजाबाईही आली होती.

म्हातारीचं अंथरूण पुढच्या खोलीत, खिडकीखाली घातलं. तिला अर्धवट बोलता यायचं. आल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं सुनेच्या भुवईवरच्या व्रणाला बोट लावलं आणि विचारलं, "अरविंदानं?"

"नाही," वैजयंती म्हणाली. "हा नाही."

"त्याचा बाप बी तसाच व्हता," म्हातारी म्हणाली, आणि तोंड भिंतीकडं केलं. वैजयंतीनं तिला कुशीवर वळवलं, पाठीखालची चादर सरळ केली आणि तिची पेज गाळायला आत गेली.